संत्र्याच्या ग्राहकयादीपासून न्यूजलेटरपर्यंत: एक्सेलमधले पत्ते सॉफ्टवेअरमध्ये कसे चढवायचे

नागपुरात थेट घरपोच संत्र्याच्या पेट्या देणारा शेतकरी गट असो, धरमपेठेतला शिकवणी वर्ग असो की महालातलं वाचनालय, पत्त्यांची एक शीट सगळ्यांकडे असते. कुणी एकाने सुरू केलेली, मग तीन-चार हातांनी भरलेली. काही नावं मराठीत, काही इंग्रजीत, कुठे एकाच चौकटीत दोन ईमेल, कुठे ईमेलच्या जागी मोबाइल नंबर. मग न्यूजलेटर काढायचं ठरतं. मेलचिंप, ब्रेव्हो, झोहो कॅम्पेन्स, लिस्टमंक अशा न्यूजलेटर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी काहीतरी निवडलं जातं आणि कुणीतरी म्हणतं, "शीट आहेच आपल्याकडे, चढवून टाका ना."

चढवायला खरोखर काही मिनिटंच लागतात. वेळ लागतो तो शीट तयार करायला, आणि तो द्यायलाच हवा. त्यातही सगळ्यात आधी सांभाळायची असते ती 'मला पाठवू नका' म्हणालेल्यांची यादी. नाव चुकलं, रकाना चुकला, तर नंतर दुरुस्त करता येतं. नको म्हणालेल्या माणसाला पुन्हा पत्र गेलं, तर ते परत घेता येत नाही. म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

समजायला सोपं जावं म्हणून पुढे एकच उदाहरण घेते: काटोल-नरखेडकडच्या बागांमधून नागपूर शहरात पेट्या पोचवणारा एक गट. त्यांना ग्राहकांना वर्षातून दोनदा कळवायचं असतं. आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. काहींना दोन्ही बहार हवेत, काहींना फक्त मृगाचा.

पहिली पायरी: हा पत्ता आपल्याकडे कसा आला?

मूळ शीटला हात लावू नका. तिची प्रत काढा, नावात तारीख टाका आणि सगळं काम त्या प्रतीत करा. प्रतीत तीन नवे रकाने घाला: 'स्रोत', 'कधी', 'संमती'. आता एकेक ओळ बघत चला. हा पत्ता प्रदर्शनाच्या स्टॉलवरच्या वहीतून आला? गूगल फॉर्ममधून? की कुणीतरी आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून सगळ्यांचे पत्ते उचलून दिले?

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे, पण दिशा स्पष्ट आहे: संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि ती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. ज्याने पेटी पोचवायला पत्ता दिला, त्याने बातमीपत्रासाठी दिला असं धरून चालता येत नाही. जुन्या ग्राहकाला एकदा फोन करून विचारा, "काकाजी, नवीन माल आला की मेल पाठवू का?" हो म्हणाले तर 'संमती'त तारीख टाका. ज्यांचा स्रोतच आठवत नाही, त्या ओळी वेगळ्या शीटमध्ये हलवा. त्या इम्पोर्टमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये चढवताना, घेऊ नका. यादी अर्धी झाली तरी चालेल. उरलेली अर्धी यादी पत्रं उघडणाऱ्यांची असेल.

याच वेळी 'नको' म्हणालेल्यांची स्वतंत्र शीट करा. कुणी फोनवर सांगितलं असेल, कुणी जुन्या मेलला उत्तर दिलं असेल, एखाद्या ओळीत 'शेरा'च्या रकान्यात "पाठवू नये" लिहिलेलं असेल, किंवा ओळ फक्त लाल रंगाने रंगवलेली असेल. रंग सॉफ्टवेअरला दिसत नाही. लाल ओळीचा अर्थ ज्याला माहीत आहे त्याला विचारा आणि तो अक्षरात लिहून घ्या.

दुसरी पायरी: एक ओळ, एक माणूस, एक ईमेल

सॉफ्टवेअरला लागणारी शीट अगदी साधी असते. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, त्याखाली माणसं. वर मोठ्या अक्षरात गटाचं नाव, मध्ये "धंतोली विभाग" असं उपशीर्षक, शेवटी "एकूण" ही ओळ, असं काहीही नको. एकत्र केलेल्या चौकटी सोडवा. 'मर्ज' केलेल्या चार ओळींपैकी फक्त पहिलीतच मजकूर असतो, बाकीच्या तीन रिकाम्या जातात. विभाग सांगायचा असेल तर 'विभाग' हा रकाना करा आणि प्रत्येक ओळीत लिहा: धंतोली, प्रतापनगर, सदर, मानेवाडा.

एका चौकटीत दोन ईमेल असतील तर एकच ठेवायचा. कोणता, हे त्या घरातल्यांना विचारून ठरवा. नवरा-बायको दोघांनाही पत्र हवं असेल तर दोन ओळी करा.

रकाने किती ठेवायचे? आपल्या उदाहरणात ईमेल, संबोधन, पूर्ण नाव, विभाग, बहार, स्रोत आणि संमतीची तारीख एवढे पुरतात. जन्मतारीख, घराचा पूर्ण पत्ता, दोन मोबाइल नंबर शीटमध्ये आहेत म्हणून चढवू नका. ज्याचा पत्रात उपयोग नाही ते सॉफ्टवेअरमध्ये नेऊन ठेवण्यात फायदा काही नाही, जोखीम मात्र आहे.

मोबाइल नंबर घ्यायचाच असेल तर तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवा. ९१ लावलेला बारा आकडी नंबर एक्सेल आपल्या मनाने वैज्ञानिक पद्धतीने दाखवतो, म्हणजे पहिले काही आकडे आणि पुढे 'ई अधिक ११'. सीएसव्ही, म्हणजे सॉफ्टवेअरला द्यायची साध्या मजकुराची फाइल, करताना जे दिसतं तेच जतन होतं आणि मागचे आकडे कायमचे जातात. तारखांचंही सांभाळा. ०५/०७ म्हणजे आपल्याकडे पाच जुलै, पण परदेशी बनावटीचं सॉफ्टवेअर तिला सात मे समजू शकतं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की घोटाळा होत नाही.

तिसरी पायरी: नावाऐवजी संबोधन

बहुतेक सॉफ्टवेअरला 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोन रकाने हवे असतात. आपल्याकडच्या याद्यांत नावं कशीही असतात: आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, किंवा पुढे श्री., सौ., डॉ., अ‍ॅड. लावलेलं. 'टेक्स्ट टू कॉलम्स' वापरून शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरून तोडलं की अर्ध्या यादीत पहिल्या रकान्यात आडनाव येतं आणि उरलेल्या यादीत "सौ." येतं. मग पत्र जातं, "नमस्कार सौ.". वाचणाऱ्या बाईंना काय वाटेल?

मी तर यादी नव्याने लावताना नाव तोडतच नाही. 'पूर्ण नाव' जसं आहे तसं एका रकान्यात ठेवते आणि शेजारी 'संबोधन' हा रकाना हाताने भरते. समोर भेटल्यावर आपण त्या माणसाला जी हाक मारतो तीच तिथे लिहायची: काकाजी, ताई, सर, डॉक्टरसाहेब, रामभाऊ. यादी काही शेकड्यांची असेल तर हे एका बैठकीत होतं. खूप मोठी असेल तर जिथे खात्री आहे तिथेच भरा आणि बाकी रिकामं ठेवा. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या जागी वापरायचा पर्यायी शब्द देता येतो. तिथे 'मंडळी' लिहिलं की "नमस्कार मंडळी" असं छान वाचलं जातं.

चौथी पायरी: जुन्या फॉन्टमधली मराठी

डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या याद्यांत ही अडचण हमखास असते. नावं कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतात. शीटमध्ये ती मराठी दिसतात, पण आत खरं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो, एवढंच. सीएसव्ही फाइलमध्ये फॉन्ट जात नाही. तिकडे पोचल्यावर नावाच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उरतो.

ओळखायची खूण सोपी आहे. एक नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच दिसलं तर ते युनिकोड, म्हणजे विशिष्ट फॉन्टवर अवलंबून नसलेली मराठी, आहे. इंग्रजी खिचडी दिसली तर आधी त्या विशिष्ट फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. रूपांतर झाल्यावर ऱ्ह, ज्ञ, क्ष, त्र, रफार आणि पहिली वेलांटी असलेली नावं डोळ्यांनी तपासा, कारण चुका होतात त्या नेमक्या तिथेच. गोऱ्हे आणि कुऱ्हेकर या आडनावांची तर हमखास वाट लागते.

पाचवी पायरी: ईमेल धुऊन घेणं

आता मुख्य रकाना. ईमेलच्या आगेमागे जागा राहिलेली असते, मधे एखादी ओळ तुटलेली असते, काही अक्षरं कॅपिटल असतात. शेजारी एक रिकामा रकाना घेऊन त्यात ट्रिम, क्लीन आणि लोअर ही तीन फंक्शनं एकात एक घालून चालवा, आणि आलेलं उत्तर 'पेस्ट व्हॅल्यूज'ने मूळ जागी टाका. वेबपानावरून किंवा चॅटमधून कॉपी केलेल्या पत्त्यांत कधी कधी एक वेगळ्या जातीची जागा असते, कॅरेक्टर क्रमांक १६०. ट्रिम तिला हात लावत नाही. सब्स्टिट्यूट फंक्शनने ती स्वतंत्रपणे काढावी लागते. दिसायला पत्ता अगदी बरोबर, तरी सॉफ्टवेअर 'अवैध' म्हणत असेल, तर पहिला संशय हिच्यावरच घ्या.

दुसरी आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे मराठी आकडे. फोनवर मराठी कीबोर्ड लावून फॉर्म भरणाऱ्याच्या ईमेलमध्ये १२३ हे देवनागरीत येतात. पत्ता दिसतो ठीक, पण तसा पत्ता अस्तित्वातच नसतो. शोधा-बदला वापरून दहाही आकडे ईमेलच्या रकान्यापुरते इंग्रजी करून घ्या.

मग @ या चिन्हानंतरचा भाग वेगळ्या रकान्यात काढून त्यावर अकारविल्हे क्रम लावा. यासारखी गुणाची दुसरी युक्ती नाही. जीमेलच्या शेकडो सारख्या ओळींच्या आगेमागे चुकलेले सगळे एकत्र येऊन बसतात: 'जीमेल'मधलं एक अक्षर गाळलेले, 'कॉम'च्या जागी 'कॉन' लिहिलेले, बिंदूच्या जागी स्वल्पविराम टाकलेले. उघड चूक असेल ती दुरुस्त करा. अंदाज करावा लागत असेल तर फोन करा. रेडिफमेलचे पत्ते बरेच दिसतील. त्यांना जुने समजून उडवू नका. अनेक ज्येष्ठ मंडळी आजही तोच पत्ता वापरतात.

गूगल शीट्समध्ये काम करत असाल तर 'इझ ईमेल' हे फंक्शन रचना बरोबर आहे का ते सांगतं. पत्ता जिवंत आहे की नाही हे ते सांगत नाही.

शेवटी दुबार नावं. एक्सेलमध्ये 'डेटा'खाली 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' आहे, पण ते लगेच दाबू नका. एकाच ईमेलच्या दोन ओळींपैकी एकीत बहार 'मृग' आणि दुसरीत 'आंबिया' असेल, तर फक्त ईमेलच्या रकान्यावर चालवलेलं हे बटण खालची ओळ सरळ काढून टाकतं आणि त्या ग्राहकाचा एक बहार हरवतो. आधी काउंटइफ या मोजणीच्या फंक्शनने दुबार ओळी शोधा, त्यांतली माहिती एका ओळीत आणा आणि मगच काढा. जीमेल वापरकर्त्याच्या नावातले बिंदू मोजत नाही, त्यामुळे बिंदू असलेला आणि नसलेला पत्ता ही एकच मेलची पेटी (इनबॉक्स) असते. हे दुबार तुम्हालाच ओळखावे लागतात.

सहावी पायरी: सीएसव्ही फाइल

काही सॉफ्टवेअर एक्सेलची फाइल थेट घेतात, तरी मी सीएसव्हीच करायला सांगेन. ती साधी मजकुराची फाइल असते आणि आत काय आहे ते उघडून बघता येतं.

एक्सेलमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' केल्यावर सीएसव्हीचे दोन-तीन पर्याय दिसतात. त्यातला ज्याच्या नावात 'यूटीएफ-८' (युनिकोड मजकूर जतन करायची पद्धत) आहे तोच निवडा. साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत मराठी होत नाहीत. गूगल शीट्समध्ये फाइल, डाउनलोड, मग स्वल्पविरामाने विभागलेली मूल्यं असं गेलं की ती आपोआप यूटीएफ-८ असते. फक्त समोर उघडी असलेली शीट जतन होते, मागचे टॅब नाहीत. आणि फिल्टर लावून लपवलेल्या ओळी एक्सेल सीएसव्हीत टाकतोच. 'नको'वाल्यांना फक्त फिल्टरने लपवलं असेल तर ते सगळे फाइलमधून सोबत जातील. त्यांना हलवायचंच, लपवायचं नाही.

फाइल तयार झाल्यावर नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक ओळीत रकाने वेगळे करणाऱ्या स्वल्पविरामांची संख्या सारखी हवी. "धंतोली, नागपूर" असा आतच स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणात हवा. एक्सेल ते स्वतः करतो, हाताने केलेल्या फाइलमध्ये राहून जातं आणि त्या ओळीतलं सगळं एक घर पुढे सरकतं. तपासायला सीएसव्ही डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. गूगल शीट्समधून आलेली फाइल तिथे अगम्य चिन्हांनी भरलेली दिसू शकते आणि माणूस घाबरून चांगली फाइल बिघडवतो. एक्सेलमध्येच बघायची असेल तर 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट' वापरा आणि मूळ लिपी यूटीएफ-८ सांगा.

सातवी पायरी: आधी पाच ओळींची चाचणी

सॉफ्टवेअरमध्ये जाऊन पहिल्यांदा ऑटोमेशन बघा. नवीन सदस्य आला की स्वागताचं पत्र आपोआप जायची सोय चालू असेल तर इम्पोर्ट होताच सगळ्या यादीला ते पत्र जाऊ शकतं. ती सोय थांबवून ठेवा.

मग आपले आणि सहकाऱ्यांचे पाच पत्ते असलेली छोटी फाइल चढवा. एक मराठी नाव, एक इंग्रजी, एक रिकामं संबोधन, एक स्वल्पविराम असलेला विभाग, एक जोडाक्षराचं आडनाव. सॉफ्टवेअर विचारेल, तुमचा कोणता रकाना आमच्या कोणत्या रकान्याला जोडायचा? याला मॅपिंग म्हणतात. ईमेल, नाव ओळखले जातात. संबोधन, बहार, विभाग यांसाठी नवे रकाने आधी तयार करावे लागतात, नाहीतर ते वगळले जातात. लिस्टमंकमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे ईमेल, नेम आणि अ‍ॅट्रिब्यूट्स हीच इंग्रजी नावं शीर्षकात लागतात आणि बाकीची माहिती अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये जेसनच्या रचनेत, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांत, द्यावी लागते.

बहारासाठी स्वतंत्र याद्या करू नका. एकच यादी ठेवा आणि 'मृग', 'आंबिया' असे टॅग, म्हणजे ओळखीच्या चिठ्ठ्या, लावा. दोन याद्या केल्या की दोन्हींत असलेला माणूस एकीतून बाहेर पडतो आणि दुसरीतून पत्र येतच राहतं. मग फोन येतो, "अहो, मी बंद केलं होतं ना, तरी मेल येऊनच राहिले!" त्यांचं म्हणणं अगदी बरोबर असतं.

चाचणीचं पत्र पाचही जणांना पाठवा, फोनवर आणि संगणकावर दोन्हीकडे वाचा. तीच फाइल एका रिकाम्या चौकटीसह पुन्हा चढवून बघा: रिकामी चौकट जुनी माहिती पुसते की तशीच ठेवते, हे इथेच कळून घ्या.

आठवी पायरी: खरं इम्पोर्ट, 'नको'वाले पहिले

आता 'नको'ची फाइल चढवा. मेलचिंपमध्ये इम्पोर्ट करताना दर्जा 'अनसबस्क्राइब्ड' निवडता येतो. लिस्टमंकमध्ये इम्पोर्टचा 'ब्लॉकलिस्ट' हा प्रकारच आहे. ही मंडळी आधी नोंदली गेली की मुख्य फाइलमध्ये त्यांच्यापैकी कुणी चुकून राहिलं असेल तरी अडवलं जातं. मुख्य फाइल चढवताना "असलेल्या संपर्कांची माहिती बदला" या खुणेकडे मात्र नीट बघा आणि दर्जा बदलणारा पर्याय चालू नाही याची खात्री करा.

मग मुख्य फाइल. तिला इम्पोर्टच्या तारखेचाही एक टॅग द्या, म्हणजे काही गडबड दिसली तर नेमकी हीच खेप वेगळी काढता येईल. काम झाल्यावर किती घेतले, किती वगळले याचा अहवाल येतो. वगळलेल्यांची फाइल उतरवून प्रत्येक ओळीचं कारण वाचा. माहिती, संपर्क, विक्री अशा पदनामांचे पत्ते काही सॉफ्टवेअर घेतच नाहीत. तिथे त्या कार्यालयातल्या माणसाचा स्वतःचा पत्ता मागून घ्यावा.

पैशांचं एक लक्षात ठेवा. मेलचिंपमध्ये अनसबस्क्राइब झालेलेही संपर्कांच्या मोजणीत धरले जातात. म्हणून त्यांना पूर्ण पुसायचा मोह होतो. पुसू नका. संग्रहात टाकायची, म्हणजे 'अर्काइव्ह'ची सोय आहे, ती वापरा.

पहिलं पत्र जाण्याआधी

पाठवणाऱ्याचा पत्ता जीमेलचा ठेवू नका. गटाचं स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, घ्या आणि त्याच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींच्या जागी) सॉफ्टवेअरने दिलेल्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी करा. पत्र खरंच आपल्याकडूनच गेलं हे त्यांवरून पडताळता येतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने हे नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पेट्यांना दिवसाला ५००० किंवा जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी आणि एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय बंधनकारक आहे, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. लहान गटांनीही हे सगळं पाळलेलं बरं. हजार पत्रांमागे तीन तक्रारी म्हणजे किती थोड्या, हे बघितलं की 'संमती'च्या रकान्यावर घालवलेला वेळ का गरजेचा होता ते कळतं.

पहिल्या पत्रात वरच लिहा: आपण कोण, हा पत्ता आपल्याला कुठून मिळाला, वर्षातून किती पत्रं येतील, नको असेल तर कुठे दाबायचं. 'स्रोत'चा रकाना इथे कामाला येतो. पूर्ण यादीला एकदम पाठवू नका. आधी अलीकडच्या ग्राहकांना, दोन दिवसांनी त्याआधीच्यांना. परत आलेल्या पत्रांपैकी जे पत्ते अस्तित्वातच नाहीत, ते सॉफ्टवेअर स्वतः बाद करतं. पेटी भरल्यामुळे परत आलेल्यांना ते पुन्हा संधी देतं.

त्यानंतर शीट बंद

इम्पोर्ट झाल्यापासून खरी यादी सॉफ्टवेअरमधली. जुन्या शीटच्या नावापुढे 'बंद' लिहा, फक्त वाचता येईल अशी करा आणि सगळ्यांना सांगा की नवा पत्ता फॉर्ममधूनच घ्यायचा. नाहीतर पुढच्या बहाराला कुणीतरी तीच शीट पुन्हा चढवतं. डीटीपीच्या दुकानातल्या संगणकावर, व्हॉट्सअ‍ॅपवर, डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये राहिलेल्या सीएसव्ही फाइल्स शोधून काढून टाका. त्यांत लोकांचे पत्ते आहेत. दर महिन्याला सॉफ्टवेअरमधून पूर्ण यादी उतरवून पासवर्ड लावून ठेवा, आणि ती उतरवताना अनसबस्क्राइब झालेल्यांचीही निवड करा. उद्या सॉफ्टवेअर बदललं तर नव्या ठिकाणी सर्वांत आधी तीच फाइल चढवावी लागणार आहे.